आधी सात दिवस बांधून बघा

मधल्या मारुतीच्या मागच्या बोळात, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानाला लागून, खड्यांचं एक दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं मांडी घालून बसली की तिसऱ्यानं पायरीवर टेकायचं, एवढीच जागा. पाटीसुद्धा नव्हती. पण कुणाला पोवळं हवं असो की पुष्कराज, सोलापुरातले सोनारच सांगायचे, "बसव्वाकडं जावा. तिथं काच गळ्यात पडायची नाही."

दुकान खरं तिच्या नवऱ्याचं, संगप्पाचं, आणि त्याच्याही आधी सासऱ्यांचं. पण संगप्पाला पंचेचाळिशीतच दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, मग काढू. ते पिकेपर्यंत दुकान बघायचं कुणी? तेव्हा लग्न झाल्यापासून पुड्या शिवून गिऱ्हाइकांच्या हातात देणारी चौथी पास बसव्वा पदर खोचून गादीवर बसली ती बसलीच. संगप्पा शेजारी भिंतीला टेकून असायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "जन्मभर लोकास्नी मोती दिले. देवानं परतफेड केली बगा, दोन डोळ्यांत दोन."

डोळे गेले तरी त्याची जीभ शाबूत होती, दोन्ही अर्थांनी. खडा ओठाला लावून जिभेच्या टोकानं चाटला की तो सांगायचा, खरा की काच. खरा खडा थंड लागतो आणि बराच वेळ थंडच राहतो. काच लगेच माणसाळते. रंग आणि चीर बसव्वानं बघायची, खरंखोटं संगप्पानं. घरात दोघं कानडी बोलायची, दुकानात मराठी, आणि भांडताना जी पटकन तोंडात येईल ती.

नवी नवरी असताना सासऱ्यांनी तिला रत्नांची गोष्ट सांगितली होती. बळासुर नावाचा दैत्य होता. देवांनी यज्ञासाठी त्याच्याकडं त्याचंच शरीर मागितलं, आणि शब्दाला जागून त्यानं ते दिलं. त्या शरीराचे तुकडे पृथ्वीवर जिथं जिथं पडले, तिथं तिथं रत्नं झाली. हाडांचे हिरे झाले, दातांचे मोती झाले, रक्ताचं माणिक, पित्ताचा पाचू, कातडीचा पुष्कराज, आतड्यांचं पोवळं.

"आणि डोळ्यांचं काय झालं?" बसव्वानं विचारलं होतं.

"डोळ्यांचा नीलम झाला," सासरे म्हणाले. "म्हणून त्याला जपायचं, पोरी. बाकीचे खडे माणसाच्या अंगावर नुसते बसतात. नीलम बसतो आणि बघतो. हा माणूस आपला की परका, ते तो सात दिवस बघतो. मग ठरवतो."

नीलम शनीचा. लाभला तर पायरीवरच्याला गादीवर बसवतो, नाही लाभला तर गादीवरच्याला पायरीवर. म्हणून त्या दुकानात नीलम कधी लगेच अंगठीत जडवून दिला जात नसे. निळ्या कापडात शिवून आधी सात दिवस दंडाला बांधायला द्यायचा, आणि मगच पुढचं.

हा नियम सासऱ्यांचा होता, पण तो बसव्वानं जितका पाळला तितका त्यांनीही पाळला नसेल. त्याला कारण होतं. तिचा थोरला भाऊ शिवयोगी गिरणीत होता. त्याला बढती मिळावी म्हणून अठरा वर्षांच्या बसव्वानं सासऱ्यांना न सांगता पेटीतला एक नीलम उचलला आणि त्याला अंगठी करून दिली. सात दिवस बांधून बघणं वगैरे काही नाही. नवव्या दिवशी शिवयोगीचा उजवा हात गिरणीच्या पट्ट्यात सापडला. मनगटापासून गेला, अंगठीसकट.

शिवयोगी वाचला. पुढं सिद्धेश्वराच्या देवळापाशी फुलं विकायला बसू लागला. बायको हार ओवायची, हा डाव्या हातानं पुड्या द्यायचा. तो बहिणीला शंभरदा म्हणाला असेल, "बसव्वा, खड्याचं काही नाही गं. आदल्या दिवशी मी दोन पाळ्या केल्या होत्या. उभ्या उभ्या डोळा लागला." बसव्वा ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. पण रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करताना तिच्या डोळ्यांपुढं एकदा तो हात यायचाच. तिच्या स्वतःच्या बोटात कधी एकही खडा नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायची, "गळ्यात आहे तो पुरे."

बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपास मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं दुकानात लावायला रंगीत तक्ता पाठवला. त्यात राशी नव्हत्या, ग्रह नव्हते, नुसते इंग्रजी महिने होते. जानेवारीचा तामडा, मेचा पाचू, जूनचा मोती, सप्टेंबरचा नीलम. साहेबलोकांत म्हणे जन्माच्या महिन्यावरून खडा घालतात. बसव्वानं तक्ता भिंतीला लावला, आणि पंधरा दिवसांत तिच्या ध्यानात आलं की सोलापूर जिल्ह्यात माणसं फक्त जूनमध्येच जन्मतात.

"जन्मतारीख?"

"एक जून."

"तुमची हो?"

"एक जून."

शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता येत नसे. मग मास्तर आपल्या मनानं एक जून लिहून मोकळे व्हायचे, म्हणजे शाळा उघडताना वय बरोबर भरायचं. संगप्पा हसून हसून लोळायचा. "ह्या तक्त्यापायी समुद्रात शिंपले उरायचे नाहीत की गं!" शेवटी बसव्वानं तक्ता काढून पेटीच्या तळाशी अंथरला आणि ठरवलं, आपली पत्रिकाच बरी. पत्रिका असेल तर खडा, नसेल तर देवाचं नाव घ्या.

चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात, एका शनिवारी, खाकी पँट घातलेला एक काळासावळा, उंच, लाजरा तरुण पायरीवर येऊन टेकला. नाव धुळा. सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दहावीपर्यंत शिकून कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागला होता.

"आक्का, नीलम पायजे."

"कुणाला?"

"मलाच की." मग खाली बघत म्हणाला, "दोनदा सुपारी फुटून मोडलं. एकदा मुलीचा आजा गेला, एकदा मुलगीच नको म्हणली. आता तिसरं जमलंय. ह्या येळेला मोडलं तर आई जीव दील."

संगप्पा भिंतीपासून म्हणाला, "आणि मोडलं न्हाय तर तू दिशील."

धुळा हसला, आणि त्यानं खिशातून पत्रिका काढली. वर्कशॉपमधल्या कुणीतरी त्याला एका ज्योतिषाकडं नेलं होतं. लाल शाईत सुरेख अक्षर होतं. शके १८७०, वैशाख वद्य नवमी, सूर्योदयाला जन्म. रास कुंभ, राशीचा स्वामी शनी. बसव्वानं दोनदा वाचलं. पत्रिका स्वच्छ होती, राशीशी खडा जुळत होता. तिनं फिकट पाण्याचा, पण निर्मळ असा एक नीलम निवडला. संगप्पानं चाटून "खरा" म्हटलं. तिनं तो निळ्या कापडात शिवला आणि वीस वर्षं जे सांगत आली होती तेच सांगितलं.

"हे बघा, हा नीलम आहे. आधी सात दिवस बांधून बघा. खाणं उडालं, झोप उडाली, ठेच लागली, काहीही वाईट झालं तर तसाच परत आणा. नाही झालं तर आठव्या दिवशी या, अंगठीत जडवून देते."

"व्हय," धुळा म्हणाला. पुडी छातीच्या खिशात ठेवून गेला.

आठव्या दिवशी तो आला नाही. नवव्या दिवशीही नाही. बसव्वा मनात म्हणाली, लग्नाची गडबड असेल.

बाराव्या दिवशी गुरुबसप्पा आला. हा एका कचेरीत कारकून, जुनं गिऱ्हाईक, बडबड्या. बायकोच्या आग्रहानं त्यानंही पत्रिका करून घेतली होती, ती दाखवायला आणली. लाल शाई, सुरेख अक्षर. बसव्वा वाचू लागली. शके १८७०, वैशाख वद्य नवमी, सूर्योदयाला जन्म.

ती थांबली. "गुरुबसप्पा, हे कुणी केलं?"

त्यानं ज्योतिषाचं नाव सांगितलं. तोच.

"आणि तुम्ही त्याला काय सांगितलं होतं? तुमची तिथी?"

"तिथी कुणाला ठाऊक, अक्का? शाळेचा दाखला दिला. त्यावर तारीख आहे, तिच्यावरून त्यानं तिथी काढली. वेळ माहीत नाही म्हटल्यावर म्हणाला, सूर्योदय धरू."

"कुठली तारीख?"

"एक जून की!" गुरुबसप्पा हसला. "आमच्या वर्गात बत्तीस पोरं होती, बत्तिसांचा वाढदिवस एकच. मास्तरांनी तेवढी एकी शिकवली बघा आम्हाला."

बसव्वा हसली नाही. तिनं पत्रिका घडी घालून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "उद्या या. आज मला दिसत नाही नीट."

तो गेल्यावर ती तशीच बसून राहिली. एक जूनवर इतके दिवस आपण हसलो, आणि तोच एक जून वैशाख वद्य नवमीचं धोतर नेसून समोर आला तर त्याला ओळखलं नाही! धुळाची कुंभ रास मास्तरांनी लिहिलेली होती. त्याचा खरा जन्म कधीचा, कुठल्या ग्रहाचा, देव जाणे. आणि त्याच्या अंगावर आपण शनीचा डोळा बांधून दिला. त्यात बारा दिवस झाले तरी त्याचा पत्ता नाही. रेल्वेचं वर्कशॉप. तिथंही पट्टे असतील, चाकं असतील.

"काय झालं?" संगप्पानं विचारलं. तिनं सांगितलं.

त्यानं तिच्या आवाजाकडं तोंड वळवलं. मग म्हणाला, "होगली बिडू. जाऊ दे. गळ्यात शिव हाय आणि तू खड्याला भितीस?"

"माझ्या गळ्यात आहे. त्या पोराच्या गळ्यात काय आहे?"

संगप्पानं भिंतीपाशी बैठक सावरली. तो म्हणाला, "मग जाऊन ये. नुसता जीव खात बसू नको. मी बसतो दुकानात. काच घेऊन आलं कुणी तर चाटून परत पाठवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं बसव्वा कुर्डुवाडीला उतरली. कनवटीला दोनचार पुड्या घेतल्या होत्या, का घेतल्या तिलाही सांगता आलं नसतं. वर्कशॉपच्या फाटकाशी तिनं धुळाचं नाव सांगितलं. तेलकट हात पुसत एक माणूस बाहेर आला.

"धुळा? त्यो रजेवर हाय. लग्नाची रजा पुढं होती, पण चार दिस आधीच गेला. घरून सांगावा आला."

"कसला सांगावा?"

"तसं काय नीट कळलं न्हाय बगा. 'लगेच ये, खड्यानं इपरीत केलं,' असं कायतरी होतं." मग तिच्याकडं बघून म्हणाला, "काय झालं मावशी? बसा जरा. पानी आनू?"

पाणी न पिताच ती छोट्या गाडीत जाऊन बसली. ती गाडी सांगोल्याला जाते, पण पायानं चालल्यासारखी जाते. बाहेर ज्वारीची काढणी चालली होती, कणसांचे ढीग पडले होते. दुष्काळानंतर पहिल्यांदाच असं पीक बसव्वा बघत होती, आणि बघत नव्हती. शेजारच्या बाईनं पेरू दिला, तो हातात तसाच राहिला. ती मनात एकच म्हणत होती, शिवा, हात नको. काय घ्यायचं ते माझं घे, त्या पोराचा हात नको.

सांगोल्याला उतरून विचारत विचारत ती दोन मैल चालली. ऊन कलायला लागलं होतं. माळावर चार घरं, बोरीच्या काट्यांचं कुंपण, मेंढरांचा वास. पहिल्याच घरापुढं घोंगडीवर बसून एक म्हातारी लोकर कातत होती.

"धुळाचं घर हेच का?"

"व्हय. म्या त्येची आय, राजाबाई. तुमी कोन?"

"मी सोलापूरहून आले. खड्याची."

राजाबाईच्या हातातली चाती खाली पडली. ती ताडकन उठली. "आगं माझ्या बया! तुमीच का त्या? काय खडा म्हनायचा का काय त्यो! लई झालं वो बाई तुमच्या खड्यानं, लई झालं!"

बसव्वानं पुढं होऊन तिचा दंड धरला. "कुठं आहे तो?"

"मागं हाय. बांधलाय."

"बांधलाय?"

"मंग काय करायचं? सोडला की मारतोय. काल तिगांस्नी लोळवलं. डोळं असं लाल, नाकातनं वारं. परवा पाटलाच्या अंगावर गेला. दावं तोडलं, मंग साकळी आनली."

बसव्वाच्या मनात आलं, हात नाही, पोराचं डोकंच गेलं! लग्न तोंडावर आलेलं आणि नवरदेव साखळीला. तिनं कसंबसं म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. मी पत्रिका वाचली, पण तारीख..."

तेवढ्यात विहिरीकडून डोक्यावर पाण्याची घागर घेऊन एक उंच माणूस आला. खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहरा हळदीआधीच उजळलेला.

"आक्का? तुमी हितं कुटं?"

बसव्वानं त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या आईकडं. मग पुढं होऊन तिनं आधी त्याचा उजवा हात धरला आणि मनगट दाबून बघितलं. मग डावा. घागर हिंदकळून दोघांच्या अंगावर पाणी सांडलं.

"अय्यो शिवा! अरे, मग बांधलाय तो कोण?"

"शन्या," धुळा म्हणाला. "मेंढा."

घरामागं शेवरीच्या झाडाला साखळीनं एक काळा मेंढा बांधला होता. शिंगं दोन वेटोळ्यांची, कपाळ ढालीएवढं. माणसं बघून त्यानं पुढचे पाय रोवले आणि फुस्स केलं. त्याच्या गळ्यात लोकरीच्या गोफात शिवलेली निळ्या कापडाची पुडी होती. टाका बसव्वाचाच.

"हे... हे मेंढ्याला बांधलंत?"

राजाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमीच सांगितलं न्हवं का? आदी सात दिस बांधून बगा. धुळानं येऊन मला अक्षी तसंच सांगितलं. कुनाला बांधायचं ते कुटं म्हनला तुमी?"

बसव्वानं पुन्हा त्या पुडीकडं बघितलं. वीस वर्षं ती हेच वाक्य सांगत आली होती, आणि खरंच, कुणाला बांधायचं ते तिनं एकदाही सांगितलं नव्हतं. सोलापूरच्या माणसाला ते सांगावंच लागत नव्हतं.

"बाई," राजाबाई समजावू लागली, "आमी नव्या रानात गेलो की सगळी मेंढरं एकदम सोडत न्हाय. पाला इखारी निगाला तर कळप जातोय. आदी एकाला सोडायचं, दोन दिस बगायचं, मंग बाकीच्यांस्नी. आन् हितं तर माजा एकुलता एक पोरगा. त्येला कसा बांधायचा पयला?"

"आणि मेंढ्याला काही झालं असतं तर?"

"शन्याला? ह्यो तर आदीच बिनकामाचा हुता. कोकरानं ढुशी दिली तरी पळायचा. म्हनलं, गेला तर गेला. तर कसचं काय! चौथ्या दिशी पाटलाच्या मेंढ्याला टक्कर दिली. पाटलाचा मेंढा, बाई! त्यो पळाला आन् ह्यो उभा. सगळी वस्ती बगायला जमली. म्हनून तर धुळाला सांगावा धाडला, इपरीत झालं, ये म्हनून."

बसव्वा तिथंच मातीत बसली. आधी तिला हुंदका आला, मग त्या हुंदक्याचंच हसू झालं. ती हसत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती, आणि राजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत धुळाला म्हणत होती, "आरं गूळपानी आन. उन्हातनं आल्यात त्या."

गूळ खाऊन पाणी पोटात गेल्यावर बसव्वाला एक विचार आला. "ह्याचं नाव शन्या का ठेवलं?"

"शनवारी झाला म्हनून. शनवार आन् आमुशा, दोनी एकदम. काळी मेंढी व्याली ती सांजच्याला, दिवा लावताना." राजाबाईनं बोटं न मोजता सांगितलं. "माज्याकडं हायत ती समदी मेंढरं कवा झाली इचारा, सांगती."

शनी अमावास्येचा मेंढा. ज्योतिषाला दाखल्यावरून जे जमलं नाही ते इथं आपोआप जमलं होतं. ज्याचा खडा त्यालाच जाऊन बसला होता. बसव्वानं मनातल्या मनात सासऱ्यांना हात जोडले.

"आणि धुळा? तो कधी झाला?"

"त्यो व्हय? त्यो झाला त्याच दिशी मुंडी मेंढीला जुळी झाली. दसऱ्याचं सोनं वाटलं, त्येच्या पाचव्या दिशी. पुनव हुती. चांदन्यात नाळ कापली."

"मग शाळेत एक जून कसं काय लागलं?"

"मास्तरनं मला इचारलंच न्हाय. त्येच्या बापाला इचारलं. बापाला काय ठावं? त्यो मेंढरामागं हुता." राजाबाईनं तोंडाला पदर लावला. "एवडी पुनव सोडून मास्तरनं आवसंचंबी न्हाय, कसलंच न्हाय, नुसतं जून लिवलं."

दसऱ्यानंतरची पुनव म्हणजे कोजागरी. चंद्र अश्विनीत, रास मेष, स्वामी मंगळ. एवढं गणित चौथी पास बसव्वाला तोंडपाठ होतं. तिनं कनवटीची पुडी सोडली. आत एक लहानसं, डाळिंबाच्या दाण्याएवढं पोवळं होतं. तिनं ते धुळाच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुझं. मंगळाचं. समुद्रातल्या जिवाच्या हाडाचं असतं. तांब्यात नाहीतर चांदीत कर, मंगळवारी घाल."

राजाबाई वाकून बघू लागली. "ह्येबी आदी बांधून बगायचं?"

"नको नको," बसव्वा घाईघाईनं म्हणाली. "हे गरीब आहे. हे सरळ घालायचं. आणि धुळाच्या बोटात, बरं का राजाबाई, धुळाच्या!"

आता नीलम परत घ्यायचा होता. राजाबाईचा चेहरा पडला. "आन् शन्या? लाभलाय की वो त्येला. खडा काडला आन् ह्यो पुन्ना कोकराला भ्यायला लागला तर पाटील हसंल."

बसव्वानं दुसरी पुडी सोडली. लहान पोरांच्या गळ्यात दृष्टीसाठी ओवतात तसला एक निळा मणी होता. खोटं बोलणं तिला जमत नसे. ती म्हणाली, "हा घ्या. पण सांगून ठेवते, ही काच आहे."

राजाबाईनं मणी उन्हाला धरून बघितला. मग शन्याकडं बघितलं, मग बसव्वाकडं.

"त्येला कुटं ठावं हाय?" ती म्हणाली.

त्या रात्री बसव्वा तिथंच राहिली. भाकरी, लाल चटणी आणि मेंढीच्या दुधाचं दही खाल्लं, आणि घोंगडीवर अशी झोपली की सकाळी धुळानं उठवलं तेव्हाच जाग आली. दोन दिवसांची नव्हे, वीस वर्षांची झोप होती ती. निघताना राजाबाईनं तिची ओटी भरली. लग्नाला यायचं वचन घेतलं. शन्यानं काचेच्या मण्यासकट फुस्स केलं.

सोलापुरात उतरल्यावर ती आधी घरी गेली नाही. सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन शिवयोगीपाशी आली. तो डाव्या हातानं झेंडूवर पाणी शिंपडत होता. तिनं सगळं सांगितलं. 'त्येला कुटं ठावं हाय'ला शिवयोगी इतका हसला की शेजारचा नारळवाला उठून बघायला लागला.

हसणं ओसरल्यावर बसव्वा म्हणाली, "शिवण्णा, त्या दिवशी तू खरंच दोन पाळ्या केल्या होत्यास?"

"शंभरदा सांगितलं तुला."

"आज ऐकलं," बसव्वा म्हणाली. त्यानं एक शेवंतीची पुडी तिच्या ओटीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत. नेहमी घ्यायचा.

दुकानात संगप्पा भिंतीला टेकून होता. "बसव्वा? पायाच्या आवाजावरनं पोरगा धड दिसतोय."

"धड आहे. उभ्या लग्नात आहे." तिनं निळी पुडी उसवून नीलम त्याच्या हातात दिला. "आधी हा बघ. माझ्या हातात बदलला तर नाही ना, एवढं सांग."

संगप्पानं तो ओठाला लावला, जिभेच्या टोकानं चाटला, आणि कपाळाला आठ्या घालून थोडा वेळ थांबला.

"खरा हाय," तो म्हणाला. "थंड हाय. पण बसव्वा, मेंढ्याचा वास का येतोय ह्याला?"

त्या दिवशी त्या बोळातून जाणाऱ्यांनी बसव्वाला पहिल्यांदाच एवढ्यानं हसताना ऐकलं. पुढं संगप्पाचे मोतीबिंदू पिकले, काढले, जाड भिंगांचा चष्मा आला, तरी गादीवर तीच बसायची. पत्रिका कुणी आणली की आधी विचारायची, "आई आहे का? तिला विचारून या, कुठल्या सणाच्या पुढंमागं झालात." आणि कुणी नीलम मागितला की निळ्या कापडात शिवून, वीस वर्षं सांगत आली तेच सांगायची.

"आधी सात दिवस बांधून बघा."

आणि भिंतीजवळून संगप्पा ओरडायचा, "सोताला!"